संपात बदललेलं केंद्र : एआरटीतून सुटलेल्या एका रुग्णाचं प्रकरण

दक्षिण रत्नागिरीतल्या खाडीकाठच्या एका वाडीतलं, एचआयव्हीवरची एआरटी (विषाणू दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या) सुटलेल्या बाईंचं हे प्रकरण आहे. एकाहून अधिक रुग्णांचे अनुभव एकत्र करून ते मांडलं आहे, त्यामुळे वय, नाती, कामधंदा यांवरून कुणाला ओळखायला जाऊ नये. रुग्ण बाईंना एआरटी केंद्रातले सगळे 'काकी' म्हणायचे, तेच इथे ठेवलं आहे.

हेच प्रकरण निवडायचं कारण असं की उपचार सोडण्याची नेहमीची कारणं इथे लागू पडत नाहीत. औषध फुकट होतं. गोळ्यांचा त्रास होत नव्हता. बाईंना आजाराची पूर्ण कल्पना होती, आणि जवळजवळ दहा वर्षं त्यांनी तारीख चुकवली नव्हती. त्या सुटल्या त्या औषध घराजवळ आल्यावर.

आधीची दहा वर्षं

काकींचे यजमान मुंबईत हॉटेलात कामाला. शिमगा, मे महिना आणि गणपती एवढेच दिवस गावी. शेवटच्या आजारपणात ते गावी आले आणि २००९ साली वारले. वाडीला 'टीबीनं गेले' एवढंच ठाऊक आहे. त्यांच्यामागून काकींची आणि मुलीची आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, तपासणी झाली. मुलगी निगेटिव्ह, काकी पॉझिटिव्ह.

तेव्हा पॉझिटिव्ह आल्याबरोबर औषध सुरू होत नसे. देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली होती, पण ती सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी, ठरावीक आकड्याखाली उतरल्यावरच. काकींचा आकडा वर होता, म्हणून 'दर सहा महिन्यांनी तपासून जा' असं सांगितलं गेलं. २०१२ मध्ये सीडी४ ३५० च्या खाली आला आणि जिल्ह्याच्या केंद्रावर गोळ्या सुरू झाल्या. निदान झाल्यावर सीडी४ न बघता सगळ्यांना औषध, हे धोरण २०१७ चं. निदान आणि औषध यांमधली ती तीन वर्षं काकी न चुकता तपासणीला येत राहिल्या, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं. पुढे 'बेजबाबदार रुग्ण' असा शेरा कुणाच्या मनात आलाच तर तो खोडायला एवढं पुरे.

जिल्ह्याला जायचं म्हणजे पहाटेची वस्तीची गाडी. परत यायला संध्याकाळ. त्या दिवसाची मजुरी बुडायची. काकींचं उत्पन्न सांगायचं तर वर्षाचं कॅलेंडरच समोर ठेवावं लागेल. मार्चपासून मेअखेर आंब्याच्या पेट्या भरायच्या, पावसात लावणी, एरवी काजूच्या कारखान्यात सोलणी, तीही किलोवर. आणि वर्षाचा बराच काळ खाडीत कालवं काढायची. कालवांचा हिशेब चंद्रावर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप आत जातं, खडक उघडे पडतात, चार पैसे तेव्हाच मिळतात. म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी समुपदेशक ताईंना सांगून ठेवलं होतं, 'तारीख द्याल ती अष्टमी-नवमीच्या आसपासची द्या.' ताईंनी टेबलावरच्या कालनिर्णयात बघून तशा तारखा दिल्या. दहा वर्षं नियमित राहण्यात या एका गोष्टीचा वाटा किती, हे मोजता येणार नाही, पण माझ्या मते तो मोठा आहे. समुपदेशनाच्या कुठल्याही नमुन्यात 'भरती-ओहोटी' असा रकाना नसतो.

वाडीत विचारलं तर काकी 'बँकेत जाऊन येते' म्हणायच्या. जिल्ह्याच्या गावी शंभर कामं असतात, त्यामुळे पुढे कुणी विचारत नसे. येताना बाजार घेऊन यायच्या, म्हणजे पिशवीतल्या डब्या खाली जायच्या. घरी गोळ्या तांदळाच्या डब्यात. एफाव्हिरेन्झ असलेली गोळी सुरू होती तेव्हा ती रात्री घ्यावी लागे आणि घेतल्यावर थोडं गरगरायचं. गणपतीत दिराचं अख्खं कुटुंब मुंबईहून यायचं, माजघरात जागा मिळेल तिथे माणसं झोपायची, त्या पाच-सात दिवसांत एखाददुसरी गोळी चुकायची. २०२१ मध्ये टीएलडी आली. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर एका गोळीत, वेळेचं बंधन सैल. तेव्हापासून सकाळी न्हाणीत पाणी तापवायला जाताना गोळी घ्यायची सवय लागली. गणपतीतही ती मोडली नाही.

संप

२०२० च्या टाळेबंदीत तीन-तीन महिन्यांचं औषध एकदम दिलं गेलं. ते काकींच्या पथ्यावर पडलं, फेऱ्या कमी झाल्या. मग २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. कोकणात एसटी बंद म्हणजे काय, हे घाटावरच्या माणसाला चटकन कळत नाही. वाड्या डोंगराच्या उतारावर आणि खाडीच्या कडेला विखुरलेल्या. रेल्वेचं स्टेशन गावापासून लांब. वडाप प्रत्येक फाट्यावर पोचत नाही आणि पोचलं तरी जिल्ह्यापर्यंतचं भाडं दिवसाच्या मजुरीच्या घरात.

केंद्राने या अडचणीवर जो उपाय काढला तो त्या वेळी बरोबरच होता. लांबच्या रुग्णांची औषधं तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या लिंक एआरटी केंद्रावर पाठवायला सुरुवात झाली. काकींचं नाव जानेवारी २०२२ मध्ये तिकडे गेलं. घरापासून अंतर आता निम्म्याहून कमी. कागदावर याला सुधारणा म्हणतात, आणि बऱ्याच रुग्णांसाठी ती खरोखरच सुधारणा होती.

संप मिटला, गाड्या सुरू झाल्या. कुणाला परत जिल्ह्याला यायचं आहे का, हे विचारायचं मात्र राहून गेलं. जवळचं सोडून लांबचं कोण मागेल, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

ग्रामीण रुग्णालयात औषध ठरलेल्या वारी, आयसीटीसीच्या खोलीतून मिळायचं. खोलीवर एचआयव्हीची खूण असलेल्या लाल फितीचा फलक. बाहेर व्हरांड्यात बाकडं. त्याच व्हरांड्यातून साखर-बीपीच्या तपासणीकडे रस्ता जातो. पहिल्याच महिन्यात वाडीतल्या एका बाईने विचारलं, 'काकी, तुम्ही इकडे कशाला?' काकी म्हणाल्या, 'बीपीचं.' पुढच्या महिन्यात तीच बाई, तोच व्हरांडा. ती सहज म्हणाली, 'बीपीचं तर पलीकडे असतं.' तिसऱ्या वेळी काकींना दिसलं की तिथला शिपाई त्यांच्या माहेरच्या गावचा आहे. त्याने ओळखून हात जोडले, घरचं कसं काय विचारलं.

इथे कुणीही वाईट वागलेलं नाही, हे अधोरेखित करायला हवं. कुणी टोमणा मारला नाही, कुणी भांडी वेगळी केली नाहीत. एक साधा प्रश्न आणि एक नमस्कार, एवढंच घडलं. कलंकाच्या चर्चेत आपण वाळीत टाकणं, कामावरून काढणं अशा ठळक घटना शोधत बसतो. काकींच्या बाबतीत उपचार तुटायला आपुलकीची चौकशी पुरली. ज्या मुलखात फाट्यावर उतरणाऱ्या प्रत्येकाला 'कोणाकडे?' असं विचारायची पद्धत आहे, तिथे अनोळखी राहायचं तर अंतर लागतं. जिल्ह्याच्या गर्दीत ते आपोआप मिळत होतं.

खंड

त्यानंतर काकींनी काय केलं ते त्यांनी नंतर स्वतः सांगितलं. आधी त्यांनी गोळ्या पुरवून पुरवून घ्यायला सुरुवात केली. एक दिवसाआड एक. तीन महिन्यांच्या वाटपातून घरात थोडा साठा उरला होता, त्यावर काही काळ निघाला. तालुक्याची फेरी टाळायची एवढाच त्यामागे विचार. ऑक्टोबर २०२२ मध्ये एकदा गेल्या, तेव्हाही व्हरांडा रिकामा व्हायची वाट बघत बाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिल्या. ती शेवटची फेरी. पुढच्या आंब्याच्या हंगामाआधीच गोळ्या पूर्ण संपल्या.

गोळ्या संपल्यावर त्यांना लगेच काही झालं नाही, आणि घात तिथेच झाला. दहा वर्षं दाबून ठेवलेला विषाणू काही आठवड्यांत रक्तात पुन्हा वाढतो, पण शरीर बोलायला कित्येक महिने घेतं. 'म्हटलं बरं चाललंय, बघू,' असं त्या म्हणाल्या.

केंद्राच्या बाजूने बघितलं तर तारीख चुकली की रुग्ण 'मिस्ड' होतो, तीन महिने उलटले की 'एलएफयू', म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेला. काकी फेब्रुवारी २०२३ च्या सुमारास त्या यादीत गेल्या. नोंदीतल्या मोबाइलवर फोन केला तो पुतण्याने उचलला. नंबर त्याचाच होता, काकींकडे स्वतःचा फोन कधीच नव्हता. समुपदेशक ताईंनी 'बचत गटाच्या कामासाठी फोन होता, नंतर करते' म्हणून ठेवून दिला. बरोबर केलं. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला तो मनाई करतो, आणि त्यात पुतण्याही आला. पण त्या फोननंतर हातात काहीच उरलं नाही. नोंद करतानाच 'हा नंबर कुणाचा, त्यावर काय बोललेलं चालेल' हे विचारून लिहून ठेवलं असतं तर वेगळं झालं असतं. नंबर आहे म्हणजे संपर्क आहे, असं धरून चालण्याची सवय सगळीकडेच आहे.

मग घरभेट. काळजी व आधार केंद्राची कार्यकर्ती मार्चमध्ये वाडीत गेली. 'विहान' या नावाने ही केंद्रं २०१३ पासून देशभर सुरू झाली. त्यातल्या अनेक कार्यकर्त्या स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या आहेत, हीही तशीच. ती पोचली तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारच्या खळ्यातून उत्तर आलं, 'ती मुंबईक गेली, मुलीकडे.' तशी नोंद झाली आणि फाईल थंड पडली.

या उत्तराबद्दल थोडं बोलायला हवं. कोकणातल्या कुठल्याही पाठपुराव्याच्या वहीत 'मुंबईला गेला', 'मुंबईला गेली' हा शेरा पानोपानी सापडेल. तो नेहमीच पटण्याजोगा असतो, कारण प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतंच. म्हणून तो कुणी तपासत नाही. काही रुग्ण खरोखर तिकडच्या केंद्रात नाव घालून औषध घेत असतात आणि इथे फुकट 'सुटलेले' दिसतात. आफ्रिकेतल्या देशांत सुटलेल्या रुग्णांचा माग काढणाऱ्या अभ्यासांतही हेच दिसलं आहे : यादीतले काही वारलेले असतात, काही न सांगता दुसऱ्या दवाखान्यात गेलेले असतात, आणि खरोखर औषध सोडलेले त्यांतला एक भागच. तिन्ही गटांसाठी करायचं काम वेगळं, पण यादीत तिघांपुढे एकच शेरा. काकी त्या मार्चमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी नालासोपाऱ्याला गेल्या होत्या हे खरं. दीड-दोन महिन्यांत त्या परत आल्या. वहीतल्या काकी मात्र नोव्हेंबरपर्यंत मुंबईतच होत्या.

नोव्हेंबरमध्ये तीच कार्यकर्ती दुसऱ्या कुणाच्या तरी भेटीसाठी त्या बाजूला गेली आणि येता येता वाडीत डोकावली. यावेळी तिने वाटेवरच्या दोन घरी 'कालवं मिळतील काय?' असं विचारलं. तिला थेट काकींच्या दारात पाठवण्यात आलं. वेश बदलून रुग्णाच्या घरी जाण्याच्या नैतिकतेवर प्रशिक्षणात वाद होतात, व्हायलाच हवेत. पण वाडीत अनोळखी बाई शिरली की तिच्या येण्याचं कारण पाच मिनिटांत सगळ्यांना हवं असतं. कारण आपण नाही दिलं तर लोक देतात. शिवाय कालवं तिने विकतही घेतली.

काकी दारात बसल्या होत्या. वजन निम्मं झाल्यासारखं दिसत होतं, खोकला होता. कार्यकर्तीने 'औषध का सोडलंत?' असं विचारलं नाही. ती म्हणाली, 'जिल्ह्याच्या ताई तुमची आठवण काढतात.' त्यावर काकींचं उत्तर होतं, 'तिकडे येईन ओ. तालुक्याला नको. तिथं अर्धी वाडी बसलेली असते.' वर्षभर केंद्राला जे कळलं नव्हतं ते या एका वाक्यात कळलं.

परत आल्यावर

डिसेंबर २०२३ मध्ये काकी जिल्ह्याच्या केंद्रावर आल्या. परतलेल्या रुग्णाचं स्वागत कसं होतं यावर पुढचं बरंच ठरतं. पूर्वी अशा रुग्णाला आधी समुपदेशनाच्या फेऱ्या आणि मग औषध, अशी एक अलिखित शिक्षा असे. ती अजून कुठे कुठे आहे. काकींना त्या दिवशी कुणी जाब विचारला नाही. कुणी 'बसा' म्हणालं, कुणी चहा आणला.

वैद्यकीय बाजू थोडक्यात अशी. उपचार सोडून परतलेल्या माणसाचा आजार पुढे गेलेला आहे असंच धरून तपासणी करायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे मोठ्या माणसात सीडी४ २०० च्या खाली म्हणजे प्रगत आजार. काकींचा १३० च्या आसपास होता. बेडक्याच्या सीबीनॅट तपासणीत क्षयाचे जंतू सापडले, रिफाम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाला दाद देणारे. मेंदूज्वराची लक्षणं नव्हती, आणि ही खात्री महत्त्वाची, कारण क्षयाचा किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर असेल तर एआरटी घाईने सुरू करणं जिवावर बेतू शकतं. क्षयाची औषधं आधी सुरू केली, पाठोपाठ दोन आठवड्यांच्या आत टीएलडी. रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅविरचं रक्तातलं प्रमाण उतरतं, म्हणून टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्रॅविरची आणखी एक गोळी, क्षयाचा उपचार संपल्यावरही दोन आठवडे. शिवाय इतर संसर्ग टाळायला कोट्रायमोक्साझोल.

दुसऱ्या गोळीने एक जुना प्रश्न परत आणला : सकाळची न्हाणीतली सवय होती, संध्याकाळची कुठे घ्यायची? ताईंनी विचारल्यावर काकींनीच सांगितलं, 'दिवा लावते तेव्हा. तेव्हा देवाच्या खोलीत कोण येत नाय.'

तिसऱ्या आठवड्यात ताप चढला, मानेत गाठी आल्या. प्रतिकारशक्ती सावरू लागली की दडलेल्या जंतूंशी ती झुंजते आणि काही दिवस माणूस आधीपेक्षा आजारी दिसतो. ही गोष्ट आधीच सांगून ठेवली नसेल तर रुग्ण 'औषधानेच झालं' म्हणून दुसऱ्यांदा सोडतो, आणि असा सुटलेला क्वचितच परत येतो. काकींना ते आधी सांगितलं होतं, आणि गावातल्या कुणालाही न विचारता थेट जिल्ह्याला यायचं हेही. त्या आल्या. चार दिवस भरती राहिल्या.

व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, २०२४ च्या मध्यावर तपासला, दबलेला आला. वर्षभराच्या खंडानंतर, त्याआधी अर्धवट गोळ्या घेऊनही तीच गोळी लागू पडली, याचं श्रेय डोल्युटेग्रॅविरला. त्याविरुद्ध विषाणूला प्रतिकार कमावणं अवघड जातं. जुन्या नेव्हिरापिन-एफाव्हिरेन्झच्या काळात असा खंड बहुधा महागात पडला असता. यावरून 'चालतं सोडलं तरी' असा अर्थ कुणी काढू नये, क्षयाने काकींना जवळजवळ नेलं होतं.

झाकण

आता मुख्य गोष्ट. क्षयाच्या सहा महिन्यांत काकींच्या जिल्ह्याच्या फेऱ्या वाडीला माहीत होत्या. टीबी झालाय, मोठ्या दवाखान्यात जाते. आशाताई घरी येत होत्या, क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे ५०० रुपये खात्यात जमा होत होते, शेजारीण अंडी आणून देत होती. टीबी लपवावासा वाटत नव्हता. त्याच्या आडून दुसरं औषधही बिनबोभाट येत होतं. जून २०२४ मध्ये क्षयाचा उपचार संपला आणि हे झाकण गेलं. परत घसरण्याचा धोका खरा तेव्हा होता, आणि तो ताईंनी ओळखला. 'बरं झाल्यावर जिल्ह्याला कशाला जाते असं विचारलं तर काय सांगाल?' हे त्यांनी मे महिन्यातच विचारलं. उत्तर ठरलं : फुप्फुसं तपासायला दर तीन महिन्यांनी बोलावलंय. खोटं म्हणावं तर फारसं खोटंही नाही.

प्रवासखर्चाचंही असंच. एचआयव्ही बाधितांना साध्या एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. काकींनी ती कधीच वापरली नाही. ओळखपत्र दाखवायचं कुणाला, तर कंडक्टरला, आणि वस्तीच्या गाडीचा कंडक्टर रात्री त्यांच्याच गावात मुक्कामाला असतो. मात्र १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं. ते काकी आनंदाने घेतात, गाडीतल्या सगळ्या बायका घेतात. पूर्ण मोफत सवलतीपेक्षा अर्धी सवलत त्यांच्या जास्त कामी आली.

संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरतानाही हाच धडा उपयोगी पडला. आजाराच्या नावाखाली अर्ज केला असता तर कागद तलाठ्यापासून तहसीलपर्यंत फिरला असता. निराधार विधवा म्हणूनही त्या पात्र होत्याच. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, त्यात बसत होत्या. विधवा म्हणून अर्ज गेला, महिन्याचे १,५०० रुपये सुरू झाले. आजारासाठी वेगळी योजना काढणाऱ्यांचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण जी सोय माणसाला चारचौघांतून बाजूला काढते ती घेण्याआधी तो दहादा विचार करतो, आणि जिच्यात तो चारचौघांसारखा दिसतो ती निमूट घेतो. ग्रामीण रुग्णालयाचं बाकडं पहिल्या जातीचं होतं. तेच औषध साखर-बीपीच्या खिडकीवरून, तशाच कागदी पिशवीत मिळालं असतं तर काकी कदाचित तालुक्यालाच टिकल्या असत्या.

इथे बाहेरच्या उपायांबद्दल दोन शब्द. आफ्रिकेतल्या कार्यक्रमांचा एक आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दोन वर्षांनंतर सुमारे ६० टक्के रुग्णच उपचारात उरलेले दिसले. त्या धक्क्यानंतर अनेक चांगल्या कल्पना निघाल्या. मोझांबिकच्या तेते प्रांतात २००८ पासून रुग्णांचे छोटे गट झाले, पाळीपाळीने एकाने जाऊन सगळ्यांची औषधं आणायची. कल्पना सुंदर आहे, पण तिला एकमेकांची स्थिती माहीत असलेले शेजारी लागतात. काकींच्या वाडीत दुसरं कुणी पॉझिटिव्ह असलंच तर ते त्यांना कळू नये आणि काकींचं त्यांना कळू नये, याचसाठी दोघांची धडपड असणार.

मोबाइलचंही तसंच. केनियात आठवड्याला 'कसं काय?' एवढाच संदेश पाठवून उत्तर मागणाऱ्या प्रयोगाचा उपयोग झाला, २०१० मध्ये ते निष्कर्ष आले. दक्षिण भारतात फोनवरून आठवण करून देण्याचा प्रयोग झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याने उपचाराच्या निकालात फरक पडला नाही. यातून कोण बरोबर हे काढत बसण्यात अर्थ नाही. काकींचा फोन पुतण्याच्या खिशात आहे, एवढं माहीत असलं तरी आपल्यापुरता निर्णय होतो.

दुसऱ्या टोकाचा एक रुग्ण

काकींवरून 'लांबचं केंद्रच बरं' असा नियम कुणी करू नये, म्हणून त्याच केंद्रातल्या एका खलाशाचं सांगतो. हा कर्नाटकातून बोटीवर कामाला आलेला. हंगामात बंदरावरच राहणारा, मासेमारी करून बोट लागली की दोन दिवस मोकळा, पुन्हा समुद्रावर. त्याला जिल्ह्याला बोलावणं म्हणजे तांडेलाकडे, बोटीच्या प्रमुखाकडे, रजा मागणं, आणि बोट सुटली तर हिस्सा गेला. त्याला बंदराजवळचं लिंक केंद्र सोन्यासारखं वाटतं. तिथे त्याला ओळखणारं कुणी नाही, व्हरांड्यात बसून तो मोबाइलवर गाणी ऐकतो. त्याची अडचण अंतराची नव्हती, तारखेची होती. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तो मेच्या शेवटी गावी जायचा आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास उगवायचा. दरवर्षी जुलैत 'मिस्ड'. आता मेच्या मध्यावर त्याला तीन महिन्यांचं औषध एकदम देतात, आणि त्याच्या गावाकडच्या केंद्राचा पत्ता ग्रीन बुकमध्ये, म्हणजे रुग्णाजवळच्या उपचाराच्या वहीत, लिहून देतात. बाकी काही करावं लागलं नाही.

दोघांचं केंद्र एक, गोळी एक. एकाला जवळ हवं, एकाला लांब.

सध्याची स्थिती

काकी तीन महिन्यांनी एकदा जिल्ह्याला येतात, तारीख अजूनही कालनिर्णय बघूनच ठरते. पावसाळ्यात गोळ्या डबीतून काढून पुडीत ठेवायची त्यांची सवय मोडायला थोडा वेळ लागला. कोकणातल्या दमट हवेत पुडीतली गोळी ओली होते, म्हणून आता डबी तशीच, आतल्या शोषक पुडीसकट, तांदळात. उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या त्या टीएलडीबरोबर उपाशीपोटी घेत होत्या, तेही लक्षात आलं. त्या गोळ्या डोल्युटेग्रॅविर शोषू देत नाहीत, म्हणून त्या आता दुपारच्या जेवणानंतर घ्यायच्या.

मुलीला अजून सांगितलेलं नाही. ती नातवाला सांभाळायला नालासोपाऱ्याला कायमचं बोलावते आहे, आणि काकींचं मन अर्धं तिकडे लागलं आहे. गेल्या तर औषध तिकडच्या केंद्रावर घ्यावं लागेल आणि मुलीच्या दोन खोल्यांत डबी ठेवायला तांदळाचा मोठा डबा नसेल. बदलीचं पत्र कधीही मिळेल असं ताईंनी सांगून ठेवलं आहे. मुलीला सांगायचं की नाही, हा निर्णय काकींचा आहे. सांगायचं ठरलं तर ते केंद्रात, ताईंसमोर, असं त्यांनी स्वतःच सुचवलं आहे.

केंद्राने संपाच्या काळात लिंक केंद्रांवर पाठवलेल्या सगळ्यांची यादी पुन्हा काढली. बहुतेकांना तालुकाच सोयीचा वाटला. काहींनी जिल्हा मागितला, एकाने तर शेजारच्या तालुक्याचं केंद्र मागितलं, जे त्याला दोन्हींपेक्षा गैरसोयीचं आहे. त्यालाही ते दिलं. नोंदणीच्या वेळी आता दोन प्रश्न विचारले जातात : औषध कुठून घ्यायला आवडेल, आणि कुठून अजिबात नको. पहिल्यावर रुग्ण बरेचदा 'तुम्ही म्हणाल तिथून' म्हणतात. दुसऱ्याचं उत्तर लगेच येतं.